गादी देवळ्याला निघाली

त्या गादीला सुतळी पुरेल असं मीच म्हणालो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर कोणीतरी सांगणारच, त्यापेक्षा मी सांगितलेलं बरं.

माझी सासुरवाडी देवळ्याची. सासरे, म्हणजे आबा, कांद्याचे शेतकरी. आवाज असा की ते या बांधावर शिंकले तर पलीकडच्या वावरातली बैलजोडी जागच्या जागी थांबायची. असा माणूस एके सकाळी ओल्या पाटावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडून नाशिकच्या हॉस्पिटलात येऊन पडला. ऑपरेशन छान झालं. घरी सोडायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी बजावलं, "जमिनीवर झोपवायचं नाही. कापसाच्या गादीवर तर मुळीच नाही. काथ्याची कडक गादी घ्या आणि घरी पोचल्या पोचल्या तिच्यावरच आडवं करा."

"गादीचं मी बघतो!" मी म्हणालो.

सासूबाईंनी सुनंदाकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे पाहिलं. सुनंदाने खिडकीबाहेर पाहिलं. याला कारण होतं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात आबांनी माझ्यावर एकच काम सोपवलं होतं : विहिरीवरची मोटर तासाभराने बंद करायची. मी पुस्तक वाचत बसलो. शेजाऱ्याने काढून ठेवलेला सगळा कांदा भिजला. (त्यात एक बेडूकही सापडला असं म्हणतात, पण ते नंतर वाढवलेलं असावं.)

"जावईबापू, जमेल ना?" आबांनी पडल्या पडल्या विचारलं.

"आबा, मी बारावीला फिजिक्स शिकवतो!"

आबांनी डोळे मिटून घेतले.

ठरलं असं, की माझा मेहुणा प्रकाश दुपारी जीपमधून आबांना आणि सासूबाईंना हळूहळू घेऊन येणार. सुनंदाने आणि मी सकाळीच गादी घेऊन पुढे जायचं, म्हणजे आबा दारात उतरतील तेव्हा गादी तयार. गाडी मिळाली नामदेवअण्णांची. अण्णा देवळ्याचेच, आबांच्या गल्लीतले. पहाटे भाजीपाला घेऊन पंचवटीत यायचे आणि रिकामी पिकअप घेऊन परत जायचे. माणूस अत्यंत भला. फक्त विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

गादी मी निवडली. डॉक्टरांनी एका माणसाची सांगितली होती, मी दोन माणसांची घेतली. आबांना कूस बदलायला जागा नको? सहा बाय साडेसहा, सहा इंच जाड, चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. चार जणांनी उचलली तेव्हा पाचवा नुसताच कण्हत होता. तो मी.

पिकअपच्या हौद्यात ती आडवी मावेना. दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर टेकून ती ऐसपैस पसरली, आणि दुकानदार म्हणाला, "साहेब, प्लास्टिक काढा, घसरेल. आणि चांगला दोर आणा."

"प्लास्टिक राहू दे, धूळ बसेल. आणि दोर कशाला? गादीचं वजन बघा. एवढी जड वस्तू जाणार कुठे? सुतळी भरपूर झाली."

"अहो, दुकानदार रोज गाद्या पाठवतात," सुनंदा म्हणाली.

"पाठवत असतील. त्यामागचं शास्त्र त्यांना ठाऊक आहे का?"

दुकानदाराने सुतळीचा गुंडा माझ्या हातात दिला. मी इकडून तिकडे आठ वेढे मारले आणि प्रत्येक गाठीला फुलपाखरासारखा सुंदर फास दिला. (गाठ दिसायला चांगली हवी, हा माझा आग्रह बुटांच्या नाडीपासूनचा आहे.) अण्णांनी एकवार गादीकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे पाहिलं आणि गाडीला किल्ली लावली.

पंचवटीच्या गल्लीतून बाहेर पडेपर्यंत गादीच्या बाहेर आलेल्या कोपऱ्याने एका रिक्षाचा आरसा वळवला, एका भाजीवालीची छत्री तिरकी केली आणि एका स्कूटरवाल्याच्या गालावरून मायेने हात फिरवला. तिघांनीही आमच्या मागून जे शब्द वापरले ते मला ऐकू आले नाहीत. सुनंदाला आले. तिने काच वर केली.

आग्रा रोडला लागल्यावर मात्र मी निश्चिंत झालो. ओझर मागे पडलं. रस्ता मोकळा. अण्णांनी वेग वाढवला. मी सुनंदाला वाऱ्याचा दाब वस्तूच्या वर आणि खाली कसा वेगवेगळा असतो ते समजावून सांगत होतो. तेवढ्यात मागून आवाज आला. टण!

"काय वाजलं?" सुनंदा म्हणाली.

"काही नाही, खडा उडाला असेल."

टण! टण! टण-टण-टण!

"खडे फार दिसतात," ती म्हणाली.

मी मागच्या काचेतून पाहिलं. आकाश दिसायला हवं होतं, तिथे गादी होती. उभी! नागाने फणा काढावा तशी ती हौद्यात ताठ उभी राहिली, क्षणभर डोलली, आणि मग प्लास्टिकवरून सुर्रकन घसरत मागच्या फळीवरून थेट रस्त्यावर गेली. तिथेही थांबली नाही. डांबरावरून घसरगुंडी करत बरीच लांब गेली आणि मागून येणाऱ्या लाल एसटीच्या बरोब्बर समोर जाऊन विसावली. एसटीचे ब्रेक असे करकचून लागले की रस्त्याकडेच्या चिंचेवरचे पोपट उडाले.

आम्ही धावत पोचलो तोवर निम्मी एसटी खाली उतरली होती. आजवर माझ्या एकाही तासाला इतकं लक्ष देणारे विद्यार्थी जमलेले नाहीत. कंडक्टर गादीच्या डोक्याशी उभा राहून विचारत होता, "गादी कोणाची?"

खोटं सांगत नाही, एक क्षण मीसुद्धा इकडेतिकडे पाहिलं.

"यांची," सुनंदा म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

"कशाने बांधली होती?"

"सुतळीने."

"साहेब काय करतात?"

"फिजिक्स शिकवतात."

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं आणि फक्त मान हलवली. एक पागोटेवाले बाबा मात्र जवळ येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, आमी म्हशीला बी सुतळीनं बांधत नाय. आन् म्हस उडत बी नाय."

दहा-बारा जणांनी मिळून गादी परत हौद्यात चढवली. प्लास्टिक फाटलं होतं, पण गादीला, नवल म्हणजे, ओरखडाही नव्हता. एसटी निघून गेली. (खिडकीखिडकीतून हात हलत होते. मीही हलवला.) मग अण्णा शांतपणे केबिनकडे गेले, सीट उचलली आणि खालून मनगटाएवढ्या जाडीचा नायलॉनचा दोर काढला. वीस-बावीस हात असेल!

"अण्णा! हा तुमच्याकडे होता?"

"हाय ना. कायमच ऱ्हातो."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इचारलं नाय."

पुढचं सगळं अण्णांनी केलं. प्लास्टिक सोलून काढलं. गादी घसरू नये म्हणून खाली कांद्याची रिकामी बारदानं अंथरली. दोर एकदा उभा, एकदा आडवा, एकदा तिरपा नेऊन हौद्याच्या कड्यांत असा आवळला की गादीला कंबर आली. तरीही ते केबिनजवळची कड दाबून बघत राहिले.

"ही म्होरली बाजू वारं धरील. वर वजन पायजे."

"दगड ठेवू या का?" मी विचारलं.

"दगुड गादी फाडील. मऊ वजन पायजे."

असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुनंदाकडे पाहिलं. सुनंदा आधीपासूनच माझ्याकडे पाहत होती.

अशा रीतीने मी त्या गादीवर, केबिनकडे डोकं करून, आडवा झालो. मी पडू नये म्हणून अण्णांनी दोराचे दोन वेढे माझ्याही छातीवरून आणि गुडघ्यांवरून घेतले. "आता गादी बी हालणार नाय, न् तुमी बी." ऊन चटकायला लागलं होतं, म्हणून सुनंदाने आबांसाठी घेतलेली नवी फुलाफुलांची चादर माझ्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत घातली आणि कडा दोराखाली खोचून टाकल्या.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. मागच्या चार रात्री मी हॉस्पिटलच्या लाकडी बाकावर काढल्या होत्या. आणि गादी, ती काथ्याची असली तरी, उत्तम होती! पिकअप हलकेच झुलत होती. पिंपळगाव केव्हा आलं ते मला आठवतं. चांदवड केव्हा गेलं ते आठवत नाही. (नंतर अण्णांनी सांगितलं की वाटेत दोन मोटरसायकलवाल्यांनी आणि एका ट्रॅक्टरवाल्याने मला हात जोडले.)

पुढचा भाग मी झोपेत असल्यामुळे ऐकीव आहे.

देवळ्याच्या स्टँडवर सुनंदा चहासाठी दूध घ्यायला उतरली. पिकअप तशीच पुढे गल्लीत गेली. तिथे आबांच्या दारात अख्खी गल्ली जमली होती, कारण आज आबांना दवाखान्यातून झोपवून आणणार हे सगळ्यांना कळलं होतं. आणि बघतात तर काय, आपल्या अण्णांच्या गाडीत, गादीवर, चादर पांघरून, दोराने नीट बांधलेला माणूस!

"आले, आले! आबा आले!"

"हळू रे! धक्का लागू देऊ नका! ऑपरेशन झालंय!"

कड्यांचे दोर सुटले आणि आठ दणकट माणसांनी गादी माझ्यासकट उचलली. घराच्या दाराशी आल्यावर कळलं की दार तीन फुटांचं आणि गादी सहाची. (दोन माणसांची घेतली होती ना!) मग ओट्यावरच दोन बाजा जोडून त्यांवर मला अलगद ठेवलं. शेजारच्या कौतिकआजी भाकरतुकडा आणि आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. त्या ऐंशीच्या, नजर अगदी अधू. त्यांनी चादर माझ्या हनुवटीपर्यंत खाली केली, कपाळाला कुंकू लावलं, तोंडात पेढा कोंबला आणि गालावरून हात फिरवत रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "कितला बारीक व्हयी गया रे भाऊ!"

पेढ्याने मी जागा झालो. डोळ्यांसमोर निरांजन फिरत होतं. भोवती तीसेक चेहरे. माझा आणि त्या चेहऱ्यांचा गोंधळ एकाच वेळी सुरू झाला.

"हे तर जावई हायेत!"

"आबा कुठं गेले?"

"मास्तर, तुम्हाला काय झालं? तुमचं कधी ऑपरेशन झालं?"

मला सगळं सांगायचं होतं, पण तोंडात पेढा होता. मला उठायचंही होतं, पण दोराचे दोन वेढे गादीखालून जाऊन माझ्या छातीवर आवळलेले होते आणि त्यांची गाठ फक्त अण्णांनाच सुटत होती. अण्णा समोरच्या पिंपळाखाली बिडी ओढत उभे होते.

"अण्णा, तुला माहीत होतं ना रे? मग बोलला का नाय?" कोणीतरी ओरडलं.

"मला कोणी इचारलं का?"

आणि नेमकी त्याच वेळी गल्लीत जीप वळली.

प्रकाशने हात दिला, सासूबाईंनी वॉकर पुढे ठेवला आणि आबा एक-एक पाऊल टाकत ओट्यासमोर आले. गर्दी आपोआप बाजूला झाली. मी आबांच्या गादीवर, आबांची चादर पांघरून, कपाळी कुंकू लावून, तोंडात आबांचा पेढा घेऊन पडलेलो. सुनंदा दुधाची पिशवी घेऊन कोपऱ्यावरून येत होती. ती जागीच थांबली आणि तिने पुन्हा स्टँडकडे तोंड फिरवलं.

आबांनी मला नखशिखांत पाहिलं. मी पेढा गिळला.

"आबा, गादी आणली," मी म्हणालो.

आबांचा चेहरा आधी लाल झाला, मग गालफडं थरथरायला लागली. आता तो शिंकेचा आवाज येणार म्हणून मी डोळे घट्ट मिटले. आलं ते हसू! वॉकरला धरून, खुब्यावर हात ठेवून आबा असे हसत सुटले की डोळ्यांतून पाणी आलं. "अरे सोडा त्याला कोणीतरी! हसवू नका रे, टाके दुखतात!" पाय मोडल्यापासून ते हसले नव्हते, हे सासूबाईंनी मला नंतर सांगितलं. त्या स्वतःही पदराआड हसत होत्या आणि मधूनच डोळे पुसत होत्या.

अण्णांनी गाठ एका हिसक्यात सोडली. आबा गादीवर टेकले, आडवे झाले, पाठ इकडेतिकडे करून पाहिली. शेवटी ते म्हणाले, "चांगली आहे. गरमसुद्धा करून ठेवली आहे." अकरा वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे पहिलं कौतुक. ओट्यावर झोपायची त्यांना इतकी गोडी लागली की गादी आत न्यायचा विषयच कोणी काढला नाही. दोन महिन्यांत वॉकर सुटला, पावसाळ्याच्या तोंडाला ते बांधावर परत ओरडायलाही लागले.

बरा झालो नाही तो मी. कौतिकआजींचा हिशोब सरळ होता : दवाखान्यातून ज्याला झोपवून आणलं आणि आपण ज्याला ओवाळलं, तो पेशंट. पुढे कितीतरी वर्षं मी देवळ्याला गेलो की त्या ओट्यावरून हाक मारून विचारायच्या, "भाऊ, आते चालता येस का?" पहिली दोन वर्षं मी त्यांना बसून सगळं समजावून सांगितलं. ऑपरेशन आबांचं, मी नुसता गादीवर होतो, वाऱ्याचा दाब, सगळं. त्या शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि शेवटी जपून राहायला सांगत म्हणायच्या, "व्हई, व्हई. पन जपी ऱ्हाय."

तिसऱ्या वर्षी मी शास्त्राचा नाद सोडला आणि त्यांच्या दारावरून जाताना थोडा लंगडायला लागलो.