डाळीच्या डब्यातले डॉलर

ओले लोकरी हातमोजे हीटरवर वाळत टाकले की त्यांचा कुबट वास सुटतो आणि मला कॅनडातल्या विंडसरमधलं ते सरकारी ऑफिस आठवतं. गाड्यांच्या प्लांटमधून माझा ले-ऑफ झाला होता, बेकारभत्ताही संपला होता, म्हणून मी आणि बायको सरकारी मदतीसाठी अप्लाय करायला गेलो होतो. खोलीला खिडकी नव्हती, जाड कोट काढून ठेवायलाही जागा नव्हती, आणि आतून घाम फुटत होता. टेबलापलीकडच्या बाईंनी बँकेचं सगळं विचारून झाल्यावर शांतपणे विचारलं, "आणि घरात कॅश?" मी लगेच "काही नाही" म्हणालो. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून मला मराठीत म्हणाली, "डाळीच्या डब्यात नऊशे डॉलर आहेत. आईला एकदा भेटून यायचं होतं, तिकिटासाठी साठवत होते." मला हे ठाऊकच नव्हतं. "व्हॉट डिड शी से?" बाईंनी मला विचारलं. खोटं सांगावं, तर अर्जाखाली, सगळं खरं आहे म्हणून, आम्हा दोघांना सही करायची होती. खरं सांगावं, तर तिचं तिकीट जाणार होतं. शेवटी तीच हळू म्हणाली, "सांग त्यांना." मी इंग्रजीत सांगितलं. "आय ॲम सॉरी," बाई म्हणाल्या, "ते पैसे हिशोबात धरावे लागतील." मदत तेवढी कमी झाली आणि डब्यातले डॉलर घरभाड्यात गेले. मला पुन्हा काम मिळालं तोवर सासूबाई गेल्या होत्या. आता आम्ही भारतात जाऊन येतो, पण ती माहेरच्या गावाचं नाव काढत नाही, आणि मीही विचारत नाही.