दम होता, पाय नव्हते

कारखान्यात आमच्या खात्यात पिंपळे गुरवचा एक फिटर होता. रविवारी आम्ही सायकलींवर कात्रजचा घाट चढायचो, तेव्हा तो वर पोहोचून निवांत आमची वाट बघत बसलेला असे. तो आधी हसायचा, मग बोलायचा. बाकावर बसला तरी त्याचे पाय हलत असत.

कारखान्याच्या खेळांत देहूरोडपर्यंत पळत जाऊन परत येण्याची शर्यत ठेवली, तेव्हा सगळे त्याला म्हणाले, "तूच पळ राव. तुझ्याएवढा दम कुणाला आहे?"

तो हसला. "व्हय, पळतो की!"

त्याने वडिलांना बघायला बोलावलं. त्याआधी ते कारखान्यात कधीच आले नव्हते.

मी सायकलवरून त्याच्या शेजारी होतो. जाताना तो सर्वांच्या पुढे, माझ्याशी गप्पा मारत पळत होता. परतताना मात्र त्याच्या मांड्या आखडल्या. एकेक जण पुढे गेला. स्टोअरमधला पोट सुटलेला कारकूनसुद्धा गेला. शेवटी तो लंगडत, सर्वांच्या मागून कारखान्याच्या मैदानात पोहोचला.

त्याने वडिलांचा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला. "आबा, बघा की. मला दम लागलेलाच न्हाई."

आबांनी हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "काळीज तर शांत हाय. मग ह्यो मागं का राह्यला?"

"दम सायकलनं आलाय, आबा," मी म्हणालो. "पण पळायची सवय त्याच्या पायांना नाही." मग आबा मैदानातच खाली बसले आणि सगळ्या कारखान्यासमोर त्याच्या मांड्या चोळू लागले.