आधी शाल, मग फुटपाथ

माझं शहर माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान आहे. अमेरिकेत, अल्फारेटाहून थोडं पुढे, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, एका कोपऱ्यात आम्ही राहायचो. त्या कोपऱ्याचं वेगळं शहर करायचं का, यावर मतदान झालं, तेव्हा 'हो म्हणा' सांगत दारोदार फिरणाऱ्यांत मी होते. मराठी घरांसाठीचं पत्रक माझंच. पहिलं वाक्य: 'कर आपण भरतो, रस्ते दुसऱ्यांचे होतात.' शेवटचं, जाड अक्षरांत: 'आपलं शहर झालं, की आपला फुटपाथ होईल.'

फुटपाथ मी उगाच घातला नव्हता. माझ्या आईची नजर कडांनी आक्रसत चालली होती. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. लायसन्स तिने स्वतःहून परत केलं. बाबा ऑफिसला, मी कॉलेजला. आमच्या कॉम्प्लेक्सपासून लायब्ररी चालत वीस मिनिटांवर, पण त्या रस्त्याला चालायची जागाच नव्हती. पांढरी रेघ, हातभर गवत आणि लगेच चर. आई त्या गवतातून आठवड्यातून दोनदा जायची. सोडू का विचारलं की चिडायची. "एवढं एक तरी माझं मला करू द्या. प्रत्येक वेळी कुणाच्या तरी गाडीत पार्सलसारखं बसायचं का?"

शहर झालं. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष काका आधी काही वर्षं सिंगापूरला नोकरीला होते. त्यांनी पेढे वाटले. "आता आपण म्हणजे सिंगापूर! स्वतंत्र झालो. तेही असंच छोटंसं होतं सुरुवातीला." पेढे खाणाऱ्यांतले निम्मे व्हिसावर होते, त्यांना मत नव्हतंच. पण स्वातंत्र्य मिळाल्याचा आनंद त्यांनाच जास्त झाला होता.

ते पहिले महिने मला आजही गोड वाटतात, हे कबूल करते. सिटी हॉल म्हणजे दाताच्या डॉक्टरच्या वरचे दोन भाड्याचे गाळे. फोन केला तर कधीकधी आमचा नगरसेवकच उचलायचा. मी फुटपाथचं बोलले की म्हणायचा, "लिस्टवर आहे." मला वाटलं, लिस्टवर आहे म्हणजे होणार. मूर्ख होते मी.

मग गणपती आले. कार्यक्रम लायब्ररीसमोरच्या शाळेच्या हॉलमध्ये. काकांनी त्या नगरसेवकाला बोलावलं. मी खूश. दीडशे माणसांसमोर त्याला विचारायचं, फुटपाथ कधी? प्रश्न कागदावर लिहून तयार.

"प्रश्नबिश्न काही नाही हं," काका म्हणाले. "आधी सत्कार. शाल, श्रीफळ."

"कशाबद्दल सत्कार? त्याने केलंय काय?"

"अगं, पाहुणा आहे तो. घरी बोलावून कुणी हिशेब मागतं का? मान दिला की माणूस आपोआप काम करतो."

"काका, आपोआप इथे फक्त दरवाजे उघडतात."

"कॉलेजात हेच शिकवतात का गं?" ते हसले आणि शाल घडी करायला लागले.

दारात आईनेच त्याला ओवाळलं. दरवर्षी पाहुण्यांचं औक्षण तिच्याकडेच असायचं. मग त्याला शाल घातली, नारळ दिला. नारळ कसा धरायचा हे न कळल्यामुळे त्याने तो रग्बीच्या चेंडूसारखा काखेत मारला. टाळ्या, फोटो. माझा कागद घामाने ओला झाला.

पुढच्या महिन्यात मी कौन्सिलच्या मीटिंगला गेले. तिथे बोलायचं तर मीटिंग सुरू व्हायच्या आत चिठ्ठी भरून क्लार्ककडे द्यावी लागते, मग तीन मिनिटं मिळतात. मी आईचं सांगितलं. गवत, चर, ट्रक. नगरसेवकाने मान हलवली, खूप आदराने, आणि म्हणाला, तुमच्या समाजाशी आमचे संबंध उत्तम आहेत, त्यांनी नुकताच आमच्या कामाबद्दल माझा गौरव केला. शहराच्या वार्तापत्रात फोटोही होता. शाल, नारळ आणि खाली ओळ: समाधानी रहिवासी.

पुरावा आमच्याच हाताने दिलेला.

त्या वर्षी नव्या शहराने आमच्या रस्त्यावर एक गोष्ट मात्र बांधली. हद्दीवर दगडी पाटी, शहराचं नाव, दिवे, फुलझाडं. पाटीसमोर दहा पावलांचा फुटपाथ, फोटो काढणाऱ्यांसाठी. दोन्ही टोकांना पुन्हा गवत. आई म्हणाली, "छान आहे. तिथे जरा उभी राहते मी, दम घ्यायला." माझं डोकं फिरलं ते तिच्या त्या 'छान'मुळे.

दुसऱ्या गणपतीला काकांनी पुन्हा त्यालाच बोलावलं. मी आठ दिवस भांडले, उपयोग शून्य. पण कार्यक्रमाच्या दिवशी काका आईला न्यायला गाडी घेऊन आले, तेव्हा ती दारात चपला घालून उभी होती.

"भाऊजी, गाडी राहू द्या इथेच. चालत जाऊ."

"वहिनी, अहो, उशीर होतोय. तुमच्याशिवाय औक्षण कोण करणार?"

"म्हणूनच म्हणते. मी निघाले. यायचं तर या."

काका रेशमी कुडत्यात निघाले. मी मागे. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता. अर्ध्या वाटेत मागून ट्रक आला, काकांनी दचकून पाय बाजूला टाकला तो थेट चरात, घोट्यापर्यंत. आई पुढे चालत राहिली. तिला ट्रक दिसलाच नव्हता, नुसता वारा लागला. काका तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, जिंकलो.

काकांनी हॉलबाहेर बूट काढून ठेवले, अनवाणी स्टेजवर गेले आणि नगरसेवकाला शाल घातली. नारळही दिला. फुटपाथचा 'फ' नाही.

कार्यक्रम संपल्यावर मला गाठून हळूच म्हणाले, "ती मीटिंग कधी असते गं? मी बोलतो. वहिनींचं मी सांगतो."

"मंगळवारी सात वाजता. पण काका, चिठ्ठी सातच्या आत द्यायची. सात म्हणजे सात. आपल्या कार्यक्रमासारखं नाही."

"कळलं गं, बाळा."

मंगळवारी सात वाजून दहा मिनिटांनी आले. इस्त्रीचा शर्ट, टाय, खिशात चार पानांचं भाषण. क्लार्क म्हणाली, सॉरी सर, पुढच्या महिन्यात. काका मागच्या खुर्चीत बसले, कोरी चिठ्ठी मांडीवर ठेवून. त्या संध्याकाळी माझी चिठ्ठी वेळेवर होती. मी उठले आणि तेच बोलले, जे आधी बोलले होते. नगरसेवकाने तशाच आदराने मान हलवली.

सिटी हॉलमधून बाहेर आल्यावर आईला फोन केला. काय झालं, तिने विचारलं. लिस्टवर आहे, मी म्हणाले. "बरं," ती म्हणाली, "येताना जाड तळव्याचे बूट बघशील का माझ्यासाठी? गवत ओलं असतं गं."