बस म्हटल्यावर

‘‘हे हात आहेत की सुकवलेले बोंबील?’’

साहेब असं म्हणाले आणि त्यांच्या बंगल्याच्या हॉलमधले सगळे हसले. त्यांची बायको हसली. ठाण्याहून आलेलं जोडपं हसलं. माझा नवरा सुधीर माझ्यासमोर सतरंजीवर बसलेला, हात पाठीमागे. मी बांधलेली दोरी त्याच्या मनगटावरून सुटून लोंबत होती. तो हसला नाही.

मी कोळ्याची मुलगी. ठाण्याच्या खाडीकाठचं गाव. साहेबांना ते माहीत होतं, म्हणून बोंबील.

‘‘तुमच्याकडे पोरं जन्मल्यापासून जाळी विणतात ना? मग एवढी साधी गाठ येऊ नये?’’

मला जाळं विणता येत नव्हतं. बाबांनी कधी शिकवलंच नाही. ‘‘तू साळंत जा,’’ एवढंच म्हणायचे. मी शाळेत गेले, टायपिंग केलं, डोंबिवलीत एका वकिलाकडे लागले. म्हणजे खाडीवरचं हातात आलं नाही, आणि बंगल्यातलं जमत नव्हतं. मान खाली घालून मी दोरी पुन्हा गुंडाळली.

आम्हाला तिथे कोणी ओढून नेलेलं नव्हतं. हे आधी सांगते.

लग्नानंतर वर्षभराने सुधीरने मला सांगितलं होतं. मेथी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता. त्याला बांधून घ्यावंसं वाटतं. दोरीने. माझ्याकडून. ‘‘तेव्हा डोकं शांत होईल असं वाटतं गं,’’ म्हणाला. मला आधी हसू आलं. मग भीती वाटली. मग एका दुपारी कपडे वाळत घालायच्या दोरीने मी त्याचे हात बांधले, आणि मला आवडलं. डोळे मिटून तो पूर्ण भरवशाने बसलेला. या गोष्टीला काय म्हणतात ते आम्हाला माहीत नव्हतं. आमच्यात एकच शब्द ठरलेला. बस. बस म्हटलं की सोडायचं. लगेच.

साहेब सुधीरच्या केमिकल कंपनीत मॅनेजर. कल्याणच्या एका रद्दीवाल्याकडून सुधीरने एक परदेशी मासिक घेतलेलं, तसल्याच फोटोंचं. गेटवर बॅग तपासताना ते सापडलं आणि साहेबांच्या टेबलावर गेलं. सुधीरला वाटलं, नोकरी गेली. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं.

‘‘घाबरू नकोस. रविवारी बायकोला घेऊन खडवलीला माझ्या बंगल्यावर ये. नीट शिकवतो.’’

मासिक त्यांनी परत दिलं नाही.

बंगला नदीच्या अंगाला, एकटा. आत गेलो की साहेब गेटला कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. भर दुपारी पडदे ओढलेले. टेप मोठ्याने चालू. पहिल्याच दिवशी मला वाटलं, परत फिरावं. पण साहेब परदेशात राहून आलेले, त्यांच्या बोटांतून दोरी पाण्यासारखी जायची. मी बघत राहिले. मला तसं यायला हवं होतं.

घरी मी स्टुलाच्या पायांवर गाठी मारायचे. उशीवर मारायचे. बोटं सोलून निघाली, टाइपरायटरवर झोंबायची. रविवारी पुन्हा तेच. दोरी पिळायची, गाठ घसरायची. ‘‘तुझ्या हातून नाही व्हायचं,’’ साहेब शांतपणे म्हणायचे. ते शांतपणे म्हणायचे तेच जास्त लागायचं. मला वाटायला लागलं, सुधीरला माझी लाज वाटत असणार. माझ्याजागी दुसरी कोणी असती तर बरं, असं त्याला वाटत असणार.

‘‘अगं, मला गाठी नकोत. तू पाहिजेस,’’ तो म्हणाला.

मला ती दया वाटली. मी आणखी दोरी आणली.

मग तो मे महिन्यातला रविवार. माझी गाठ पुन्हा सुटली. साहेब उठले. ‘‘सरक. बघ आणि शिक.’’ सुधीरने माझ्याकडे बघितलं, मग मानेनेच हो म्हटलं. साहेबांनी त्याचे दंड पाठीमागे ओढून बांधले. कोपराच्या वर, फेऱ्यावर फेरा. बघता बघता सुधीरची बोटं काळीनिळी झाली.

‘‘बस,’’ सुधीर म्हणाला.

साहेबांनी दोरी आणखी ओढली.

‘‘बस, साहेब. हात बधिर झालाय.’’

‘‘बस हा नवशिक्यांचा शब्द आहे. इथे केव्हा थांबायचं ते मी ठरवतो.’’

टेप वाजत होता. ठाण्याचं जोडपं हसायचं थांबलेलं. साहेबांची बायको स्वतःच्या नखांकडे बघत होती. तिने हे आधी बघितलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

आणि मी बसून होते. मला वाटत होतं, यांना कळतं, आपल्याला कुठे कळतं. मग लख्खकन डोक्यात आलं. इतके रविवार या माणसाने मला हेच शिकवलेलं. गाठ नाही. तुला कळत नाही, हे. माझ्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा हात जात असला तरी मी गप्प बसावं, म्हणून.

मी उठले. गाठ माझ्याने सुटेना. स्वयंपाकघरात गेले, सुरी आणली, सुधीरच्या दंडावरच्या दोरीखाली बोट घालून ती कापली.

‘‘ती दोरी जपानची आहे!’’ साहेब ओरडले.

‘‘गेट उघडा.’’

‘‘उद्या हा कंपनीत काय तोंड दाखवणार? ते मासिक माझ्याच खणात आहे. तुमच्या बिल्डिंगमध्ये कळलं तर?’’

‘‘सांगा. मी पण सांगेन. तो बस म्हणाला आणि तू थांबला नाहीस, एवढंच सांगेन.’’

तू म्हटलं मी. तोंडातून निघालं. साहेबांच्या बायकोने त्यांच्या खिशात हात घातला, किल्ली काढली आणि गेट उघडलं.

सुधीरचं मनगट लुळं पडलं. कपसुद्धा धरता येईना. डॉक्टरांना त्याने सांगितलं, ड्रम उचलताना झालं. कित्येक आठवड्यांनी हातात जोर आला, पूर्ण नाही. अंगठ्याला अजून मुंग्या येतात. कंपनीत कोणी काही बोललं नाही. फक्त त्याला अ‍ॅसिडच्या शेडमध्ये टाकलं. संध्याकाळी कधीकधी साहेबांची जीप आमच्या बिल्डिंगखाली उभी असायची. कोणी उतरायचं नाही. काच वर. थोड्या वेळाने निघून जायची. शेवटी सुधीरने नोकरी सोडली, कल्याणला हार्डवेअरच्या दुकानात लागला. जीप त्यानंतरही आली.

खूप महिन्यांनी सुधीरनेच दोरी पुन्हा बाहेर काढली. मी एक साधी गाठ मारली, सैल. सारखी विचारत होते, बोटं हलव बघू. वाकडी गाठ होती. असू दे. तो बस म्हणाला, मी सोडलं. माझ्या हाताला कोणी नावं ठेवली तर आता मी आधी त्या माणसाकडे बघते, मग हाताकडे.

गेल्या महिन्यात कंपनीतला एक जुना ऑपरेटर भेटला. म्हणाला, नवीन लागलेला एक जण बायकोला घेऊन रविवारी खडवलीला जातो. टिटवाळ्याला राहतात. पत्ता मी त्याच्याकडूनच घेतला, त्या बायकोला जाऊन सांगायचं ठरवलं.

‘‘तू गेलीस तर आपलं सगळं उघडं पडेल,’’ सुधीर म्हणाला.

‘‘पडेल.’’

तो अंगठा चोळत बसला. मग म्हणाला, ‘‘माझं नाव पण सांग.’’

टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये तिसरा मजला. दार तिने उघडलं. असेल विशीतली. इतक्या उकाड्यात अंगात लांब बाह्यांचा ब्लाउज. मी खडवली म्हटलं आणि तिचा चेहरा उतरला.

‘‘तुम्ही जा. प्लीज.’’

तिने नको म्हटलं, म्हणून मी उंबरा ओलांडला नाही. माझं नाव, सुधीरचं नाव आणि पत्ता सांगितला. सुधीरच्या हाताचं काय झालं ते सांगितलं. तिने दार लावून घेतलं. आतून कडी लागली.

आता रविवारी मी खडवली स्टेशनवर उभी राहणार आहे. बंगल्याकडे वळणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगणार आहे, आधी माझं नाव, मग त्या साहेबाचं. जीप आली तर येऊ दे. जीपसमोर उभी राहून सांगेन.