वालबुर्गाची सुट्टी

बामबर्ग शहरात वालबुर्गाने अठ्ठावीस वर्षं पाहुण्यांना गाव दाखवलं. हातात निळी छत्री, पायात सपाट बूट, आणि नदीच्या मधोमध उभ्या असलेल्या नगरपालिकेच्या जुन्या इमारतीविषयी ती बोलायला लागली की माणसं घड्याळ बघायचं विसरत. स्वतः मात्र ती कधी कुठे पाहुणी म्हणून गेली नव्हती. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा तिने काम सोडलं. बिअरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला तिचा नवरा लोरेन्झ म्हणाला, "चल बुर्गी, आता दुसऱ्यांची गावं बघू. आरामात. एकेका गावात चार-चार दिवस."

रेगेन्सबुर्ग हे पहिलंच गाव, आणि पहिल्याच दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. नदी रुंद होती, म्हणून. दगडी पूल बामबर्गच्या पुलापेक्षा लांब होता, म्हणून. आणि सगळ्यात जास्त थेक्लामुळे.

थेक्ला ही तिथली गाइड, तिशीची. छत्री नाही, कागद नाही, आवाज खणखणीत. तिच्याभोवती चाळीस माणसं जमली होती. वालबुर्गाने मोजली. आपल्याकडे पंचवीसच्या वर कधी आली नव्हती, हेही तिला नको तेव्हा आठवलं.

थेक्ला पुलाची गोष्ट सांगत होती. पूल बांधणारा आणि मोठं चर्च बांधणारा, दोघांची पैज लागली, आधी कुणाचं काम पुरं होतं याची. पूलवाल्याने सैतानाची मदत घेतली. त्या बदल्यात पुलावरून पहिले जाणारे तीन जीव सैतानाला द्यायचे कबूल केले, आणि काम झाल्यावर कोंबडा, कोंबडी अन् कुत्रा पुढे हाकलून दिले. लोरेन्झ सगळ्यांत पुढे आ वासून उभा होता, मधूनमधून प्रश्न विचारत.

वालबुर्गाच्या अंगाचा तिळपापड झाला. "पूल आधीचा, चर्च नंतरचं," ती मागून मोठ्याने म्हणाली. "शंभर वर्षांहून जास्त अंतर आहे दोन्हींत. मग पैज लागली कशी?"

थेक्ला हसली. "अगदी बरोबर, मावशी! पण सैतानाला तारखा विचारायला जाणार कोण?"

चाळीसच्या चाळीस माणसं हसली. सगळ्यात मोठ्याने लोरेन्झ. शेवटी त्याने थेक्लाच्या हातावर बक्षीसही ठेवलं.

पुलाजवळच्या खानावळीत भाजलेले सॉसेज आणि आंबट कोबी समोर आला, तरी तिने काटा उचलला नाही.

"कोबी गार होतोय," लोरेन्झ म्हणाला.

"तिलाच नेऊन दे. अठ्ठावीस वर्षं मी गाव दाखवलं, लोरेन्झ. एकदा तरी आलास ऐकायला? आणि इथे पहिल्या रांगेत! वर प्रश्न काय विचारतोस, बक्षीस काय देतोस!"

लोरेन्झने काटा खाली ठेवला. "आलो होतो. तुझं पहिलंच वर्ष. कारंज्यापाशी मागे उभा होतो. तू मला पाहिलंस आणि अडखळलीस. साल चुकलं, मग राजाचं नाव चुकलं. कान लाल झाले तुझे. मला वाटलं, आपण आलो की हिचं काम बिघडतं. परत नाही आलो."

वालबुर्गाला तो दिवस लख्ख आठवत होता. "मला वाटलं, तू हसायला आलायस."

"मी? मला त्यातलं काय कळत होतं हसायला?"

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

"तू बोलावलंही नाहीस परत."

हे खरं होतं. तिने सॉसेजला मोहरीची चटणी लावली आणि खाल्लं. राग बराच उतरला. जळफळाट मात्र थोडा उरलाच. चाळीस माणसांचा आकडा काही डोक्यातून जाईना.

पाच दिवसांनी ती दोघं उत्तरेला ल्युबेकला पोचली. तिथली जुनी वेस एका बाजूला कललेली बघून वालबुर्गाला फार बरं वाटलं. "वाकडी आहे," ती समाधानाने म्हणाली. तिथल्या म्हाताऱ्या गाइडने हाका मारून माणसं गोळा केली तेव्हा लोरेन्झ सवयीने पुढे सरकला, मग थबकला आणि मागे वळून पाहू लागला.

"जा की," ती म्हणाली. "नाहीतर थांब, मीही येते. पण तो काही चुकीचं बोलला तर मी गप्प बसणार नाही हं."

"कोण म्हणतंय गप्प बस?" लोरेन्झ म्हणाला, आणि दोघं कोपरांनी वाट काढत पहिल्या रांगेत जाऊन उभी राहिली.