हूज मदर

सरांनी फळ्यावर लिहिलं, 'द गर्ल हूज मदर इज हाफ अ कोयता इज सिटिंग ऑन द लास्ट बेंच.' मग मराठीत म्हणाले, "जिची आई अर्धा कोयता हाय ती पोरगी. वळखा, कोण?"

अख्खा वर्ग मागं वळला.

केजच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते मी. इंग्रजी घेऊन. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, मोजायची एक. बाप फडात ट्रॉलीखाली गेला, तेव्हापासून आई अर्धा कोयता. सरांच्या भावाच्याच टोळीत.

"रिलेटिव्ह क्लॉज कावून लागतो? ज्याला नावानं कुणी वळखत न्हाई, त्याची वळख सांगायला. घ्या लिहून."

पोरांनी लिहून घेतलं. मीही घेतलं. त्याची लाज अजून जात नाही.

मग तेच माझं नाव झालं. पोरं दारातच म्हणायची, "सरक बे, हूज मदर आली."

महिन्याभरानं इन्व्हर्जन आलं. 'नेव्हर' वाक्याच्या तोंडाशी आणलं की सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येतं. "रोज असं बोलत न्हाईत," सर म्हणाले. "लई जोर द्यायचा असला, तरच. पण आधी मागचा धडा. ऊठ गं हूज मदर, तुझं वाक्य वाच."

उठले. वही मिटली.

"नेव्हर विल आय रीड इट, सर."

वाचणार नाही. कधीच.

सर हसले. "ग्रामर बरोबर हाय. अक्कल न्हाई. माफी लिहून आण, न्हाईतर इंटर्नलला भोपळा."

आईला फडावर फोन लावला. ती म्हणाली, "दे लिहून, बाई. तुझं वरीस जाईल."

"आये, तुला अर्धी म्हणला त्यो. भर वर्गात."

"मग? समदेच म्हणत्यात."

ती रडली असती, तर मी माफी लिहिली असती. ती रडली नाही. तिला त्यात वावगं काही वाटलंच नाही. मी फोन ठेवला आणि माफीसाठी घेतलेला कोरा कागद फाडून टाकला.

भोपळा मिळाला. पेपर गेला, वर्ष गेलं. पुन्हा बसले, पास झाले, तिसरं वर्षही काढलं. आमच्या घरातली पहिली पदवी. कुणाच्या पाया न पडता.

परवा स्टँडवर सर भेटले. चारचौघांत म्हणाले, "हिला इंग्रजी आमीच शिकवलं."

मी नमस्कार केला नाही. तेव्हा माफी मागितली नाही. आता त्यांनी मागितली, तरी देणार नाही.