सिस्टीममध्ये मी गैरहजर

"मॅडम, काल सकाळी तुम्ही वळ गावच्या गोडाऊनला नव्हता."

धामणकर नाक्यावरच्या ऑफिसात सगळ्यांसमोर मॅनेजर हे म्हणाले, तेव्हा मी नुकतीच रिक्षातून उतरून आत आले होते. खांद्यावरची पर्ससुद्धा काढली नव्हती.

मी एका गोडाऊनवाल्या कंपनीत माल रवाना करण्याचं काम बघते. सकाळी वळच्या गोडाऊनमध्ये, दुपारनंतर नाक्यावर, आणि उरलंसुरलं काम अंजूरला घरी. लॅपटॉप एकच, तो माझ्याबरोबर फिरतो. नव्या सिस्टीममध्ये हजेरीही त्याच्यावरूनच लागायची. लॅपटॉप कंपनीच्या वायफायला जोडलेला दिसला तर माणूस हजर, नाहीतर गैरहजर, नावापुढे लाल खूण.

"काल सकाळी तुम्हीच मला फोन केलात ना सर? माल भरायला गाडी लागली का, विचारलंत. मागे हमाल ओरडत होते, ते ऐकून तुम्ही हसलात."

"फोन कुठूनही घेता येतो. सिस्टीम खोटं बोलत नाही."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. माझे कान तापले. इतक्या वर्षांत मी एकदाही खोटं सांगून सुट्टी घेतली नव्हती, आणि हा माणूस स्वतःच्या कानांपेक्षा एका लाल खुणेवर विश्वास ठेवत होता. लाल खूण एकच नव्हती. मागच्या महिनाभरात अशा कितीतरी सकाळी होत्या.

दुसऱ्या दिवशी वळला जाऊन बघितलं तेव्हा उलगडा झाला. मागे एकदा आमचं नेट बंद पडलं होतं, तेव्हा शेजारच्या गोडाऊनवाल्यांनी आपला पासवर्ड दिला होता. लॅपटॉपने तो लक्षात ठेवला. माझ्या टेबलापाशी त्यांची रेंज आमच्यापेक्षा चांगली, म्हणून तो मला न विचारता तिकडे जोडला जायचा. मधूनमधून लेबलचा प्रिंटर चालेनासा व्हायचा तोही त्यामुळेच, आणि मी उगाच प्रिंटरला शिव्या घालत होते.

रविवारी घरी लॅपटॉप उघडून बसले. जागा बदलली की नेटवर्क आपोआप बदलायला हवं होतं. वळला फक्त कंपनीचं वायफाय, आणि प्रिंटरसाठी तिथला ठरलेला आयपी ॲड्रेस. नाक्यावर ऑफिसचं. घरी घरचं. त्यासाठी एक फुकटचा प्रोग्रॅम मिळाला. आसपास कोणती नेटवर्कं दिसतात त्यावरून तो जागा ओळखतो आणि त्या जागेची सेटिंग लावतो. पहिल्याच प्रयत्नात वळचा ॲड्रेस घरच्या नेटवर्कवर जाऊन बसला आणि घरचं नेट बंद. मी लॅपटॉप दाणकन मिटला.

सासूबाई शेजारी सुकट निवडत होत्या. "काय झाला गो?"

मी सगळं सांगितलं.

"त्याचे डोले फुटलं काय? तू रोज जातंस ती त्याला दिसत न्हाय?"

त्या दिवसांत माझ्या बाजूने बोललेलं ते पहिलं माणूस. मी लॅपटॉप पुन्हा उघडला आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही जागा नीट लावल्या.

सोमवारपासून खुणा हिरव्या झाल्या. चार-पाच दिवसांनी मॅनेजर मला म्हणाले, "बघा, एकदा बोललो तर आता कशा वेळेवर येताय."

तेव्हा आला तेवढा राग मला आधीही आला नव्हता. पुढच्या आठवड्यात ते वळला पाहणीला आले, तेव्हा मी त्यांना माझ्या टेबलासमोर बसवलं. प्रोग्रॅम बंद केला आणि लॅपटॉप पुन्हा सुरू केला. तो सरळ शेजाऱ्यांच्या वायफायला जाऊन चिकटला. मी हजेरीचं पान त्यांच्याकडे वळवलं. माझ्या नावापुढे लाल खूण आली होती.

"सर, मी आत्ता कुठे आहे?"

ते म्हणाले, "टेक्निकल प्रॉब्लेम आहे."

"मी कुठे आहे, ते सांगा."

"इथेच आहात. मान्य. जाऊ द्या ना आता, झालं गेलं."

"जाऊ देणार नाही. मागच्या सगळ्या लाल खुणा दुरुस्त करायला लावा. आणि तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, तर सगळ्यांसमोरच सांगा की मी इथे होते."

खुणा दुरुस्त झाल्या. हेड ऑफिसला त्यांनीच कळवलं, तेही 'टेक्निकल प्रॉब्लेम' म्हणूनच. सगळ्यांसमोर मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. ऑफिसातल्या दोघी-तिघींनी आपल्या लॅपटॉपवर तसंच करून मागितलं, मी आनंदाने करून दिलं. मग एके दिवशी मॅनेजरही आपला लॅपटॉप घेऊन आले. "मॅडम, माझ्यावरही ते टाकून द्या. मला प्रत्येक ठिकाणी हाताने बदलावं लागतं."

"आधी त्या दिवशीची माफी मागा," मी म्हणाले.

मी गंमत करतेय असं वाटून ते हसले. मी हसले नाही. मग ते लॅपटॉप काखेत मारून केबिनमध्ये गेले. ते अजूनही हाताने नेटवर्क बदलतात, आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही.